शनिवारी पॉवर येते का?

"माळ ओवलीस ना?"

मी वैतागूनच वर पाहिलं. समोरच्या गाळ्यातला मुलगा पक्कड मागायला दारात उभा होता... आणि बघत होता माझ्या बोर्डांकडे.

मुलुंडच्या त्या गाळ्यात माझा तिसराच दिवस. दवाखान्यात नंबर दाखवणारे आठ बोर्ड एका सप्लायवर जोडायचे होते. मी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वायर नेली होती. पहिला लखलखीत, आठवा मिणमिणता. संध्याकाळी माल जायचा होता.

"वाटेत प्रत्येक जण थोडं थोडं खातो. शेवटच्याच्या वाट्याला काय उरणार? सप्लायपासून प्रत्येकाला थेट वायर दे."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही," तो हसला. "पक्कड देतेस?"

दिली. त्याचं ऐकलंही. आठही बोर्ड सारखे उजळले, आणि ते हसू दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्याचं नाव केतन. महिनाभर पक्कड येत-जात राहिली. त्याच्याकडे स्वतःची पक्कड आहे, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही.

मग एके दिवशी आमच्या गाळ्यातल्या नंदाताई म्हणाल्या, "सपना, तो दत्ताराम चहावाला सांगत होता, केतन विचारतोय... शनिवारी पॉवर येते का?"

"नाही म्हणावं त्याला," मी कामातून मान वर न करता म्हटलं. शनिवारी दुरुस्तीसाठी सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटीची लाइट बंद असते. समोर राहून एवढंही माहीत नाही?

त्यानंतर पक्कड मागायला कोणी येईना. समोर दिसला तरी त्याची मान खाली. चार दिवस मी चिडले, पाचव्या दिवशी रडूच यायला लागलं. शेवटी उठले आणि त्याच्या गाळ्यात गेले.

"काय झालंय रे तुला?"

"काही नाही... तू नाही म्हणालीस ना. ठीक आहे."

"कशाला नाही म्हणाले?"

"पवईला," त्याचे कान लाल झाले. "तलावावर. दत्तारामला म्हटलं होतं, सपनाला विचार, शनिवारी पवईला येते का..."

पवई... पॉवर! मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"माळ ओवलीस ना? तू, दत्ताराम, नंदाताई, आणि शेवटी मी. माझ्या वाट्याला काय उरणार?"

तो हातातली पक्कड बाजूला ठेवून अगदी जवळ आला.

"सपना... तू मला खूप आवडतेस. शनिवारी पवईला येतेस?"

"पॉवर नाही येत शनिवारी," मी म्हटलं. "मी येते."