खुरप्याने उपटलेले बदाम

वाफ्यातली निम्मी रोपं उपटून बाजूला पडलेली पाहिली आणि मृण्मयी वाफ्याकडे धावली. खुरप्या मात्र शांतपणे पुढच्या रोपाकडे हात नेत होता.

"थांब!" ती ओरडली.

तण काढणारा हा यंत्रमानव हिमालयातल्या संशोधन केंद्रात कालच आला होता. त्याला बदाम ओळखायला शिकवलं होतं सुट्टीला आलेल्या मृण्मयीनेच. या बाईसाहेबांनी त्यासाठी बागेतलं सगळ्यात देखणं झाड निवडलं होतं!

"तुमच्या नमुन्याशी जुळली नाहीत, ती काढली," खुरप्या म्हणाला.

तिची वसुधामावशी तिथली वनस्पतिशास्त्रज्ञ. डोंगर पालथे घालून तिने या रानबदामांच्या बिया जमवल्या होत्या. ती धावत आली आणि तिचा चेहराच उतरला. मृण्मयीला रडू फुटलं.

"रडतेस काय? मुळं ओली आहेत अजून. आधी पाणी आण!"

दोघी भराभर रोपं लावू लागल्या. कुणाची पानं रुंद, कुणाची अरुंद, कुणाला काटे.

"मावशी, सगळे बदामच? एकही दुसऱ्यासारखा नाही!"

"बागेतली झाडं कलमं असतात, एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली. म्हणून ती एका साच्यातली. रानात होतं परपरागण (एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर पोचणं). प्रत्येक बी थोडं आईकडून घेते, थोडं बापाकडून. तू आणि तुझा दादा सख्खी भावंडं ना? नाक तरी सारखं आहे?"

"छे! त्याचं तर नाकाडं!"

"हीच विविधता (एकाच जातीतले आपापसांतले फरक)."

"पण तिचा उपयोग काय?"

"गेल्या वर्षी अवेळी हिम पडलं. बागेतली झाडं एकदम फुलली होती, सगळा बहर जळाला. रानातली काही उशिरा फुलतात, ती वाचली. काही कमी पाण्यावर तगतात. उद्याचं हवामान कसं असेल, कुणी सांगावं? म्हणून सगळीच हवीत. पण यातली काही आता जगायची नाहीत."

मग मृण्मयीने खुरप्याला एकेका रोपापाशी नेऊन पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

कोपऱ्यातल्या एका वाकड्या रोपापाशी तो अडला. "हे कशाशीच जुळत नाही. काढू?"

मृण्मयीने खाली बसून ते रोप नीट न्याहाळलं.

"मलाही ओळखता येत नाही," ती म्हणाली. "राहू दे. मोठं झालं की तेच सांगेल."

खुरप्याने हात मागे घेतला आणि रोपाला पाणी घातलं.