चोकला टांगलेली पर्स

पावसाची सर आली तशी मोजपट्टी आवारात दार उघडं दिसलेल्या पहिल्याच गाडीत शिरली. मोजपट्टी म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्रातली तरुण इंजिनिअर. दिसेल ते मोजायची, म्हणून सहकाऱ्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. गाडी जुनी, आजोबांच्या वयाची होती. आणि आत आधीच कुणीतरी बसलेलं होतं...

"चाचणी गाडीची घेणार की माझी?" त्याने विचारलं.

तो दातांचा डॉक्टर होता. गाडी त्याच्या वडिलांच्या मागे राहिलेली. शेजारची चकचकीत गाडी त्याच्या काकांनी चालवून बघायला आणली होती. मोजपट्टीने दोन्ही तपासाव्यात. जुनी रोजच्या वापराला पुरी पडली तर ठेवू, नाहीतर विकून नवी घेऊ, असं काकांनी जाहीर केलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं.

नवी तिने आधी चालवली. आवाज नाही, धक्का नाही, थेंब पडला की काच आपली आपण पुसणारी. मग जुनी. त्याने चोकची मूठ बाहेर ओढून इंजिन सुरू करून दिलं आणि ते तापलं की मूठ आत ढकला, असं सांगितलं. चोक म्हणजे थंड इंजिनाला जरा जास्त पेट्रोल पाजायची सोय, हे तिला तोंडपाठ होतं. पण तेवढ्यात तो शेजारी येऊन बसला. त्याच्या कानामागून पाण्याचा एक थेंब हळूहळू कॉलरकडे निघाला होता... तिने नकळत पर्स त्या मुठीलाच टांगली.

गिअर करकरला.

"हळू... दात आहेत तिला."

"मग डॉक्टर शेजारी आहेत की."

"डॉक्टरांचं लक्ष पेशंटकडे नाहीये —"

दोघं हसत राहिले. गाडी मात्र गचके खात, काळा धूर ओकत फेरी मारून आली. केंद्राच्या साहेबांसमोर मोजपट्टीने काकांना ऐटीत निकाल सांगितला: ही पेट्रोल ढोसते, धूर सोडते, नवीच्या शेजारी उभं राहायचीही हिची लायकी नाही. काकांनी गिऱ्हाईकाला फोन लावायला मोबाइल काढला. डॉक्टरने नुसती मान खाली घातली.

पर्स घ्यायला ती आत वाकली, आणि हात तिथेच थिजला. मूठ बाहेरच होती. तिची कानशिलं तापली.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"परत येताना."

"मग बोलला का नाहीत?"

तो बॉनेटवरचं पाणी पुसत राहिला. "गाडीला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटली असती... साहेबांसमोर."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तरी ती तशीच काकांसमोर जाऊन उभी राहिली. धूर माझ्या चुकीमुळे होता, म्हणाली. चोकला मी पर्स टांगली आणि मूठ आत ढकलायची विसरले. साहेबांनी कपाळावर हात मारला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

काकांनी फोन कट केला. "पुन्हा चालवा. पर्स माझ्याकडे द्या."

या खेपेला इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. तिची मात्र त्याच्याकडे बघायची हिंमत होईना.

"निकाल?" त्याने विचारलं.

"नवी सगळं आपलं आपण करते. हिच्याकडे... लक्ष द्यावं लागतं."

"मग मी उतरतो. माझ्यामुळेच —"

फाटक जवळ आलं. पर्स पोटाशी धरून काका हात हलवत होते. ती थांबली नाही. मान न वळवता तिने दुसऱ्या फेरीला वळण घेतलं.

"नका उतरू," ती म्हणाली.