बाईंची नाटुकली

टेबलाखालून हात बाहेर आला, तेव्हा बाई जवळजवळ किंचाळल्याच!

"पक्कड द्या ना जरा…" पाठोपाठ धुळीने माखलेलं एक हसरं तोंडही वर आलं. वर्गातले हेडफोन दुरुस्त करायला आलेला माणूस होता तो.

पंधरा दिवसांत हेडफोन झाले, मग मुळात न बिघडलेली खिडकीही झाली. बाईंच्या सगळं लक्षात येत होतं हं… पण त्या कशाला बोलतील?

"आज मुलांची नाटुकली बघाच," त्या ऐटीत म्हणाल्या. "दरवर्षी मीच बसवते."

बाई परदेशी भाषा शिकवत. तिथली माणसं कशी असतात, ते मुलांना कळावं म्हणून ही नाटुकली. कागदी टोपीतला पाहुणा दहादा कमरेत वाकला, फुर्र फुर्र करत चहा प्यायला, 'बसा' म्हटल्यावर दचकला. वर्ग हसून हसून लोटपोट! दुरुस्तीवाला मात्र हसला नाही.

"असं कोण वागतं, बाई?"

"तिकडचे सगळेच!"

"मी तिकडचाच आहे. बारा वर्षं झाली इथे येऊन."

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षं त्या भाषेचं पुस्तक हातात, आणि तिकडच्या एकाही माणसाशी त्या कधी बोलल्या नव्हत्या!

"मग… सांगितलं का नाहीत?"

"विचारलंत कुठे?" त्याने हत्यारं पिशवीत भरली. "गेल्या वर्षी माझे बाबा इथे राहायला आले. बाजारात तुमच्या शाळेतली मुलं त्यांच्यासमोर अशीच वाकली. बाबांना वाटलं, मान देताहेत… ते आनंदाने परत वाकले."

तो निघून गेला. बाईंना रडूच कोसळलं. ती चेष्टा मुलांना त्यांनीच तर शिकवली होती!

सकाळी त्या थेट त्याच्या दुकानात. "चुकलं माझं. वर्गात याल? मुलं विचारतील. मी गप्प बसेन."

"तुम्ही? गप्प?" त्याला हसू आवरेना.

तो आला. मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. शेवटी एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "तिकडे कुणी आवडलं, तर सांगतात कसं?"

"बाकीच्यांचं कोण जाणे. मी सरळ विचारतो." तो वळला. "बाई… मी आवडतो का तुम्हाला?"

अख्खा वर्ग आ वासून बघत राहिला. बाई कानापर्यंत लाल!

"आवडता," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण आधी… मला बाबांकडे घेऊन चला. त्यांची माफी मागायचीय."