झटापटीची खूण नाही

“माझ्या भावाला विष घातलंय. घालणारी त्याच्या उशाशी बसलीय. लवकर या!”

फौजदारबाई पंधरा मिनिटांत इस्पितळात पोचल्या. फोन करणारी थोरली बहीण दारातच उभी होती. औषधाच्या दुकानातून ती कामाचा पांढरा डगला घालूनच धावत आली होती.

खाटेवर तिचा भाऊ, घड्याळाच्या मनोऱ्याचा मिस्त्री, पडला होता. तीन आठवडे डोकं ठणकत होतं. कालपासून तो बायकोलाही ओळखत नव्हता. हातपाय काड्यांसारखे, चेहरा मात्र टम्म गोल. फौजदारबाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

बहिणीला बाहेर बसवून त्यांनी दार लावलं.

“यांचं खाणंपिणं कोण बघतं?” त्यांनी मिस्त्रीच्या बायकोला विचारलं.

“मीच.”

“त्यात काही मिसळता?”

ती हळूच म्हणाली, “दुधात एक पुडी. गुडघ्यांसाठी. पाच महिने झाले.”

“कुणी दिली?”

“यांनी शपथ घातलीय. नाही सांगणार.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

पर्समधून तिने एक पुडी काढून दिली. फौजदारबाईंनी ती मुठीत दडवली आणि प्रयोगशाळा गाठली.

“विष सापडलं नाही,” प्रयोगशाळेतले डॉक्टर म्हणाले. “हे बघा, त्यांच्या पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी. त्यात काळ्या शाईचा थेंब टाकलाय.”

सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याभोर पडद्यावर गोल ठिपके होते. प्रत्येकाभोवती उजळ कडं.

“बुरशी. कबुतरांच्या वाळलेल्या शिटेतून धुळीबरोबर उडते आणि श्वासातून आत शिरते. यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलीय.”

“मनोऱ्यात कबुतरं आहेत. पण तिथे इतरही माणसं राबतात. मग हाच का?”

“तेच कळत नाही. शत्रू घुसला की पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात. इथे मोजून तीन!”

फौजदारबाईंनी पुढे वाकून पुन्हा पाहिलं. “म्हणजे झटापटीची खूणच नाही. घरफोडीत असं दिसलं की मी दोन गोष्टी तपासते. चोर वेष पालटून आला होता का? आणि पहारेकऱ्याला गुंगीचं काही दिलं होतं का?”

डॉक्टर ताडकन उठले. “वेष तर आहेच! हे उजळ कडं म्हणजे बुळबुळीत साखरेचं कवच. त्यामुळे पेशींना हा परका वाटत नाही, पकडायला गेलं तरी निसटतो. एखादीने गिळलाच, तर तिच्याच पोटात जिवंत राहतो. पण गुंगी…”

फौजदारबाईंनी मूठ उघडून पुडी पुढे केली आणि वहीतली टम्म गोल चेहऱ्याची नोंद दाखवली.

त्या परतल्या तेव्हा बहीण येरझाऱ्या घालत होती. “तपासल्या का हो तिच्या पुड्या?”

“कुठल्या पुड्या?”

“दुधातल्या…”

“पुड्यांची गोष्ट मी फक्त डॉक्टरांपाशी बोललेय. दार बंद होतं. तुम्हाला कशी कळली?”

बहीण जागीच थबकली.

“मीच सांगते,” फौजदारबाई म्हणाल्या. “दुकानातल्या सूज उतरवणाऱ्या तेज स्टेरॉइड गोळ्या तुम्ही कुटून दिल्यात. गुडघ्यांचं दुखणं थांबलं, चेहरा सुजला, अंगातले पहारेकरी पेंगले. बुरशीला रान मोकळं मिळालं. भाऊ कोसळला तेव्हा तुम्हाला वाटलं, आपल्याच गोळ्यांनी घात केला. म्हणून बोट भावजयीकडे दाखवलंत. ती मात्र तुमचं नाव घेईना.”

बहिणीने डगल्याच्या बाहीने डोळे पुसले. “शंभर पायऱ्या चढवत नाहीत म्हणून माझ्यापुढे रडला होता हो. नोकरी गेली असती त्याची…”

“रडणं नंतर. गोळी कुठली? रोज किती? हे औषध एकदम तोडलं तरी जीव जातो, डॉक्टरांना आकडा हवाय. आणि एक लक्षात घ्या, सांगितलंत की तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल.”

बहिणीने गोळीचं नाव सांगितलं. रोजचं प्रमाणही. क्षणभरही न थांबता.

उपचारांच्या सतराव्या दिवशी मिस्त्रीने डोळे उघडून बायकोला नावाने हाक मारली. फौजदारबाई जबाब घ्यायला आल्या होत्या.

“ताई कुठंय?” त्याने विचारलं.

“कोठडीत,” बायको म्हणाली. तिने त्याच्या पाठीशी उशी नीट लावली. “माझ्यावर आळ घेतला त्यांनी. ते मी विसरणार नाही. पण शेवटी तोंड उघडलं नसतं, तर आज तुम्ही बोलत नसता. हेही विसरणार नाही.”

मग तिने फौजदारबाईंकडे पाहिलं. “भेटायची वेळ काय असते हो तिथे?”