चाळीस मिनिटांची नोंद

चाचणी प्रयोगशाळेच्या दारात आमची टक्कर झाली. त्याच्या हातून निसटलेली बाटली मी झेलली. त्याला झेलणे मला जमले नाही.

"बाटली वाचली ना?" जमिनीवरूनच त्याने विचारले.

तो औषधाची पूड बनवी. ते औषध पाण्यात विरघळत नसे, आणि जे विरघळत नाही ते गिळूनही अंगी लागत नाही. म्हणून तो ते एका आधारद्रव्यासह द्रावकात मिसळून गरम हवेत फवारी. थेंब इतक्या झटपट सुकत, की औषधाला स्फटिक बनवायला सवडच मिळत नसे. अशी पूड चटकन विरघळे. विभागात त्याला सगळे ‘फवारेवाले’ म्हणत.

चाचणीचे नमुने माझ्याकडे शिपायाबरोबर पाठवायची पद्धत होती. तो स्वतः आणू लागला. मी निष्कर्ष काढला नाही. पुरावा अपुरा होता…

एका पावसाळी सकाळी मी बाटली उघडली आणि तो आईविषयी सांगू लागला – मुलगा पूड उडवण्याचा पगार घेतो, असे त्याची आई शेजाऱ्यांना सांगे. मी हसत राहिले.

त्या नमुन्यातले औषध जेमतेम एक्केचाळीस टक्के विरघळले, आधीच्या नमुन्यांतले शहाऐंशी. विभागप्रमुख मॅडमनी ही फवारणीची पद्धत बंद करून त्याला दूरच्या जुन्या कारखान्यात परत पाठवायचे ठरवले.

बाटली चाळीस मिनिटे उघडी होती. दमट हवेने पुडीतल्या औषधाचे पुन्हा स्फटिक झाले होते. हे त्यालाही कळले होते. त्याने माझे नाव घेतले नव्हते.

चूक लेखी कबूल केली, तरच त्याच पुडीच्या दुसऱ्या, बंद बाटलीची चाचणी मान्य होई. पाच वर्षांत माझ्या नावावर एकही चूक नव्हती. मी लिहिले: ‘कारण – चाचणी करणारी व्यक्ती बोलण्यात गुंतली होती.’ साक्षीदार म्हणून त्याची सही हवी होती.

त्याने ते वाक्य फार वेळ वाचले.

"एक दुरुस्ती सुचवू?"

"शास्त्रीय असेल तर."

"‘होती’… म्हणजे आता नाही?"

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख. मी ‘होती’वर रेघ मारली, ‘आहे’ लिहिले, सही केली. तारीख घातली. शेजारी त्यानेही सही केली.

मॅडमनी विचारले, हा वर्तमानकाळ कशासाठी?

"निरीक्षण चालू आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले आणि मान्यता दिली. दुपारी दुसऱ्या बाटलीतले औषध पंच्याऐंशी टक्के विरघळले.

तो राहिला.