दिघाशीकडचं टोक

बसा रे, लाईट येईल तेव्हा येईल. या धामणकर नाक्यावर लूम थांबले की झोपलेली माणसं उलटी जागी होतात, इतकी आम्हाला त्या खडखडाटाची सवय. धनेश, मोबाईलचा टॉर्च बंद कर. बॅटरी जपून ठेव, रात्री कुठे केबल तुटली तर तुलाच पाठवणार आहे मी.

तोंड वाकडं करू नकोस. कोर्स करून आलास, तुला डेटा सेंटरला जायचंय, एसीत बसायचंय, माहीत आहे मला. भाविकाला क्लाऊडमध्ये जायचंय. जा की. पगार आता तिथेच आहेत. पण तो तुमचा क्लाऊडसुद्धा केसाएवढ्या काचेतून येतो, आणि ती काच कुणीतरी खांबावर चढून जोडलेली असते.

दुपारी विचारत होतात ना, की काम झाल्यावर नरेंद्र लाल उजेडाचं पेन तीनदा लुकलुकवतो ते कुणासाठी? समोर कुणी नसलं तरी? ऐका मग. नरेंद्र स्वतः सांगणार नाही. थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय, बाकीचं त्याने मला सांगितलं, एकदाच.

नरेंद्र आणि ओमकार ही माझी फिल्डची जोडी. ओमकार दिघाशीचा. बाप लवकर गेलेला, घरी आई चंपा आणि धाकटी बहीण सोनल. सोनलला नेटवर्किंगच्या क्लासला त्यानेच घातलं. "मी खांबावर, तू खुर्चीवर," म्हणायचा तिला. मोठा गोड पोरगा होता. मला अजून त्याची आठवण आली की जेवण जात नाही.

आता खांबावर बघता ना, सतरा जणांच्या काळ्या केबली लोंबत असतात. एकदम तुटल्या तर आपली कुठली? मग एकाने तुटल्या जागी बसायचं आणि दुसऱ्याने गावातल्या खांबावरच्या डब्यापाशी जाऊन काचेत लाल पेन लावायचं. त्याचा उजेड काचेतून धावत येतो. ज्या टोकाला लाल दिसलं, ती आपली. या दोघांचं त्यावर ठरलेलं होतं. लाल एकसारखं जळतंय म्हणजे 'मी इथे आहे, कर काम.' जोड झाला की नरेंद्र फोन करायचा, आणि ओमकार तीनदा लुकलुकवायचा. म्हणजे 'झालं, उतरतो.' पेनाचं काळं टोपण तेवढा वेळ दातात. चावून चावून त्याचा चोथा केला होता. चंपा ओरडायची त्याला, काच जाईल पोटात म्हणून.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, भर पावसात, ओमकार दिघाशीच्याच खांबावर होता आणि नरेंद्र अलीकडे फाट्यावर. खांबात करंट उतरला. नरेंद्रला काय कल्पना? त्याच्या हातातल्या टोकाला लाल जळतच होतं. जोड झाला, त्याने फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग शिव्या घातल्या. "साल्या, झोपलास काय? लुकलुकव ना!"

लाल जळतच राहिलं. पोरगा गेला होता, पेन चालू होतं.

पेन मिळालं, टोपण काही मिळालं नाही. चंपाने ते पेन त्याच्या कामाच्या शर्टात गुंडाळून कपाटात ठेवलं. ओमकारच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी नरेंद्र त्यांच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. त्यानंतर त्या घराकडे फिरकला नाही.

तर यंदाच्या जानेवारीतली अकरा तारीख. रविवारची रात्र. सोनलला नोकरी लागली होती. घरी बसून रात्रभर परदेशातल्या कुठल्या कंपनीचे सर्व्हर राखायचे, कुठे काही बंद पडलं की तिकडच्यांना उठवायचं. ऐरोलीकडे तिला याहून बऱ्या नोकऱ्या मिळत होत्या, तिने सोडल्या. पोरगा गेल्यापासून चंपा रात्री एकटी राहू शकत नव्हती. घरात राहून करता येईल अशी ही एकच. पहिली शिफ्ट त्या रात्री एक वाजता. पहिल्याच रात्री हजर नसाल तर येऊच नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

आणि अकराच्या सुमाराला एका उंच कंटेनरने फाट्याजवळच्या सगळ्या केबली ओढून नेल्या.

सोनलचा मला फोन. "कोंडूकाका, एकला माजी ड्युटी हाय. मोबाईलचं नेट हितं चालत न्हाय. आई सारखी इचारतेय, झालं का सुरू... कायतरी करा ना." मी तापाने पडलेलो. नरेंद्रला तुटल्या जागी पाठवला, आणि आपल्याकडच्याच भूपेशला पेन आणि डब्याची किल्ली देऊन दिघाशीला.

नरेंद्र पोचला. एका बाजूला नवी गोदामं, एका बाजूला कापलेली शेतं. थंडी अशी की हातमोजे काढवत नव्हते. रस्त्याकडेला बसून त्याने हेडलाईटच्या उजेडात एकेक केबल सोलली, आतली काच पुसली आणि टोकं ओळीने मांडली. मग हेडलाईट बंद केली. भूपेशला पोचायला अजून वेळ होता.

पण एक टोक लाल झालं.

"शाब्बास रे भूपेश," म्हणाला आणि त्याने ते टोक उचललं. तेवढ्यात फोन वाजला. भूपेशच होता.

"नरूभाई, गाडी पंक्चर झाली. अजून नदीनाक्यालाच हाय मी."

"...पेन?"

"माझ्याकडंच हाय."

"किल्ली?"

"ती पण. का रे?"

नरेंद्रने फोन ठेवला.

हातात काच होती. टोकाला लाल. एकसारखं.

दुसऱ्या कुठल्या कंपनीचा माणूस असेल, हेच आलं ना तुमच्या मनात? त्याच्याही आलं. त्याने बराच वेळ तेच धरून ठेवलं. आमच्यात आत्मा मानत नाहीत. मी मानत नाही, नरेंद्र मानत नाही, विहारात पहिल्या रांगेत बसणारी माणसं आम्ही. पण दिघाशीकडे बघितलं की काळोख, आणि काचेत उजेड.

त्याने गाडीची किल्ली काढली. उठलासुद्धा. पळालाच असता. मग त्याला सोनल आठवली, कॉम्प्युटरपुढे बसलेली. शेजारी चंपा.

तो परत खाली बसला.

"ओम्या..."

काही नाही. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"ओम्या, तू हायस का?"

लाल... एकसारखं.

मी इथे आहे, कर काम.

पहिला जोड फुकट गेला. दुसराही. रडत होता तो. "मी शिव्या घातल्या रे तुला. तू तिथं... आन मी शिव्या घालत व्हतो. मला काय म्हाईत, ओम्या?" जोडायच्या मशीनमध्ये काच धरली. श्वास रोखला. तिसरा जोड बसला.

पक्क्या जोडातून उजेड बाहेर येत नाही, पण उघडी काच बोटाने जरा वाकवली की बारीकसा लाल दिसतो. नरेंद्रने वाकवली.

होता.

फोन कुणाला लावणार? तो नुसता बोलला. "झालं, ओम्या. उतर आता."

लाल विझलं.

पेटलं.

विझलं... पेटलं.

विझलं... पेटलं.

मग काळोख. तिथेच बसून राहिला तो. ऑगस्टात जे यायचं राहून गेलं होतं ते आलं होतं, आणि आता दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. नरेंद्र म्हणाला, काका, भीती अगोदर वाटली, नंतर नाही. नंतर नुसतं पोरकं वाटलं.

थोड्या वेळाने सोनलचा फोन. "दादा, आलं नेट! हजेरी लागली माजी." आता बघा, पेन काढून तिथली वायर परत डब्यात लावल्याशिवाय नेट येत नाही. कुणीतरी ती लावली होती. सोनल पुढे म्हणाली, "ऐकतोयस ना? आई झोपली रे. आज पहिल्यांदा आपली आपण झोपली."

सकाळी मीच म्हटलं, चला, बघून येऊ. ताप अंगात होताच. मी, नरेंद्र, भूपेश. सोनल ड्युटी संपवून खांबाखाली येऊन उभी, डोळे तांबारलेले. डब्याला कुलूप होतं, वर धूळ तशीच. भूपेशने चढून उघडलं. वायर नीट आपल्या जागी लावलेली. डब्याच्या तळाशी काहीतरी काळं होतं, ते त्याने नरेंद्रच्या हातात टाकलं.

पेनाचं टोपण. चावलेलं.

नरेंद्रने मूठ मिटली आणि ओमकारच्या घराकडे चालू लागला. इतक्या महिन्यांनी त्या उंबऱ्याच्या आत गेला, आम्ही मागून. चंपा नुकतीच उठली होती. "आलास व्हय रं?" एवढंच म्हणाली, रागावली नाही, कुठे होतास विचारलं नाही. त्याने मूठ उघडली.

ती मग उठली, कपाटातून शर्टाची ती गुंडाळी काढली, पेन बाहेर घेतलं. टोपण त्यावर दाबलं. गच्च बसलं.

तिने ते परत काढलं. बोटांच्या चिमटीत धरून दाराच्या उजेडात नेलं. दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला, आणि तो अंगठा आम्हाला दाखवला.

"ओलं हाय," म्हणाली.