निशाचरांच्या दालनातला हात

तो हात आत्याचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

निशाचर प्राण्यांच्या दालनात दिवसाची रात्र करून ठेवलेली असते. बाहेर टळटळीत दुपार, आणि आत नुसता लालसर, मिणमिणता अंधार. काचांमागून कुणीतरी बघतंय असं सारखं वाटत राहतं… आणि खरंच कुणीतरी बघत असतंच. आई-बाबा हत्तींकडे गेले होते. आत्याला घुबडं बघायची होती, म्हणून मी तिच्यासोबत आत शिरले.

एका वळणावर कुणीतरी माझा हात धरला. थंडगार, सुरकुतलेला हात. आत्या घाबरली असणार, म्हणून मीही तो घट्ट धरला आणि वटवाघळांवरून तिची चेष्टा करत चालत राहिले. उत्तर येत नव्हतं. अंगठा तेवढा माझ्या बोटांवरून सावकाश फिरत होता — अगदी मायेनं.

पुढच्या कोपऱ्यात हिरवा दिवा होता. त्या दिव्याखाली आत्या उभी होती. दोन्ही हात कठड्यावर ठेवून.

त्याच क्षणी माझ्या हातातला हात निसटला. वळून पाहिलं, तर मागे फक्त काळोख.

आत्याला बाहेर आणून बाकावर बसवलं. तेवढ्यात एक तरुण समोर आला. माझ्याच वयाचा, एक बाही वर, एक खाली, चेहरा उतरलेला. दिसेल त्याला विचारत होता, राखाडी स्वेटरमधले एक आजोबा पाहिलेत का म्हणून. त्याचे वडील हरवले होते. नाना. हल्ली सगळं विसरायचे.

"त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे का?" मी विचारलं. "सरळ होतच नाही, अशी?"

तो बघतच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"आत्ता माझ्या हातात होती."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांचे चेहरे विसरते, बोटं नाही. हे त्याला सांगत सांगतच आम्ही पुन्हा आत शिरलो. तो माझ्या शेजारून चालत होता, धक्का लागू नये इतकं अंतर राखून, पण माझं पाऊल अडखळलं की लगेच थांबत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि स्वतःचा बाप मात्र दिसत नाही, असं तो म्हणाला, तेव्हा मला हसू फुटलं. ते हसू दालनाच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं… पण जरा उशिरा. आणि आवाज अगदी माझा नव्हता.

आम्ही दोघंही थबकलो.

"हसत राहा," तो हळूच म्हणाला. "बरं वाटतं."

नाना शेवटच्या काचेसमोर जमिनीवर बसले होते. आत फांदीला बिलगून, मोठाल्या गोल डोळ्यांचं एक इवलंसं जनावर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. नाना काचेशी बोलत होते. मी मागे जाऊन उभी राहिले, तरी त्यांनी मान वळवली नाही. काचेतल्या माझ्या प्रतिबिंबाला म्हणाले, "आलीस? किती शोधलं तुला."

"आईला जाऊन वर्ष होत आलं," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

मी काचेत पाहिलं. चेहरा माझाच वाटला. पण माझे केस मोकळे होते, आणि तिचा अंबाडा होता. मी हात उचलून केसांना लावला. तिचा हात उचलला गेला नाही.

मग त्या जनावरानं उडी मारली, काचेमागची फांदी हलली, आणि काचेत नुसती मी उरले.

नाना समाधानानं उठले आणि आमच्या पुढे चालू लागले. त्यांचा डावा हात बाजूला अर्धवट मिटलेला होता, त्यात दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा. ते त्यानंही पाहिलं. अंधारात त्याची बोटं चाचपडत आली आणि माझ्या बोटांत अडकली. उबदार होती.

बाहेर नाना आत्याशेजारी जाऊन बसले आणि ऊन फार आहे, मुलाच्या चष्म्यांच्या दुकानात बरं असतं, म्हणून तक्रार करू लागले. आम्ही थोडे लांब उभे राहिलो. हात अजून सुटले नव्हते. मी त्याला काचेतलं सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं असतं मी वेडी आहे, तरी चाललं असतं, पण लपवणं जमेना.

तो हसला नाही. "अंबाडा… आणि डाव्या भुवईवर व्रण?"

मी मान हलवली. होता.

मग त्यानं विचारलं, "रागावली होती?"

"नाही. निरखून बघत होती. सासूनं बघावं तशी—"

जीभ चावली, पण बोलून गेले होते. त्याचे कान लाल झाले. माझंही काही वेगळं झालं नसावं.

"मग… पसंत पडलात का तिला?"

"ते तुम्ही तिलाच विचारा."

"तिचं राहू दे," तो म्हणाला. "नानांना तुम्ही ती वाटलात. मला तसं वाटत नाही. मला तुम्ही, तुम्हीच म्हणून पुन्हा भेटायला हव्या आहात. रोज भेटलात तरी चालेल."

मी काही म्हणायच्या आत फोन वाजला. आई-बाबा फाटकापाशी थांबले होते. मी म्हटलं, तुम्ही निघा, मी जरा मागून येते.

"कुणाबरोबर?" आईनं विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात आत्यानं येऊन फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"आहे एक चष्मेवाला," ती आईला म्हणाली. "मुलगा चांगला वाटतोय. तुम्ही व्हा पुढे, आम्ही चौघं चहा घेऊन येतो."